चढ, गिअर आणि थट्टा: हौशी सायकलस्वारांच्या डोंगरवाटांचा इतिहास

डोंगरातल्या सफरीला निघण्यापूर्वी हौशी सायकलस्वारांच्या टोळक्यात जी थट्टामस्करी चालते, ती वरवर पाहता वेळ घालवण्याचे साधन वाटते. कोणी सराव केलेला नाही, कोणी तो चोरून केला आहे, कोणाच्या पिशवीत निम्मा संसार आहे आणि कोण पहिल्याच वळणावर उतरून सायकल ढकलू लागणार आहे, याच विषयांभोवती ती फिरते आणि जवळजवळ दीडशे वर्षांत तिचे विषय फारसे बदललेले नाहीत. मात्र या छंदाचा इतिहास, विशेषतः फ्रान्समधील इतिहास, जवळून पाहिला तर या चेष्टेने काही कामे निश्चितपणे केली असल्याचे दिसते: सायकलीचा गिअर कित्येक दशके अडवून धरण्याचे काम तिने केले, तोच गिअर पुढे रेटण्याचे कामही तिनेच केले, आणि ज्या सफरीत पहिला-दुसरा क्रमांकच नसतो तिथे स्वाराचा अहंकार आवरण्याचे जे काम एरवी नियमांनी करावे, तेही बऱ्याच अंशी तिच्याकडेच राहिले.

सायकलस्वारांच्या संघटित विनोदाचा आरंभ इंग्लंडमध्ये शोधावा लागतो. १८७० च्या जूनमध्ये चार्ल्स डिकन्सचे निधन झाले आणि त्याच महिन्यात लंडनच्या हॅकनी भागात स्थापन झालेल्या एका सायकल मंडळाने त्याच्या ‘पिकविक पेपर्स’ या विनोदी कादंबरीवरून ‘पिकविक बायसिकल क्लब’ हे नाव घेतले; या मंडळात प्रत्येक सभासदाला कादंबरीतील एकेका पात्राचे नाव देण्याची प्रथा पडली आणि आजही अस्तित्वात असलेल्या या मंडळात ती चालू आहे. हा काळ उंच चाकाच्या सायकलीचा होता. तिच्यात पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे पायांची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी एवढाच हिशेब असे, आणि चाक किती मोठे घ्यायचे हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. म्हणजे उंच माणूस बुटक्यापेक्षा जन्मतःच वेगवान ठरे, आणि ही गोष्ट मित्रांना एकमेकांना ऐकवायला पुरेशी होती. चढ आला की बहुतेकांना उतरावेच लागे, आणि उतारावर डोक्यावरून पुढे फेकले जाण्याची भीती असे. मंडळाला कप्तान असे, रस्त्यात इशारे देण्यासाठी बिगूल वाजवणाराही असे. लष्करी थाटाची ही मंडळी टेकडीच्या पायथ्याशी येताच एकामागून एक पायउतार होऊन यंत्रे ढकलत वर जात असत, आणि थाट व वास्तव यांच्यातील हे अंतर विनोदाला आयतेच खाद्य पुरवीत होते.

मागच्या चाकाला साखळीने गती देणारी, दोन्ही चाके सारखी असलेली ‘सुरक्षित’ सायकल १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि हवेच्या टायरांनी ती सुखाची केली, तेव्हा डोंगर हा सहलीचा विषय होऊ शकला. एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल या अमेरिकन लेखिकेने आपल्या चित्रकार पतीबरोबर आल्प्सच्या अनेक खिंडी सायकलीने ओलांडून १८९८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. याच दशकात ब्रिटनमध्ये हॅरी इंग्लिस यांची रस्त्यांच्या चढउतारांच्या आकृत्या देणारी मार्गदर्शक पुस्तके निघू लागली, आणि निघण्यापूर्वी घरी बसून चढाची रेघ न्याहाळत धास्ती घेण्याचा, व ती धास्ती मित्रांपासून लपवण्याचा, आजही चालू असलेला प्रकार सुरू झाला. जेरोम के. जेरोम यांची १९०० मधील ‘थ्री मेन ऑन द बमल’ ही कादंबरी याच वातावरणातली आहे. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात सायकलीने फिरू पाहणाऱ्या तीन मित्रांच्या या कथेत प्रवासाइतकीच जागा तयारीला मिळाली आहे: सायकल दुरुस्त करण्याच्या हौसेपायी ती पूर्ण उसकटून ठेवणारा परिचित तिच्यात आहे, आणि दोघांच्या सायकलीवर पुढचा व मागचा स्वार दुसरा कामचुकार असल्याचे कसे मनोमन मानतात याची चर्चाही आहे. ज्याने कधी चार मित्रांबरोबर घाट चढला आहे त्याला या पुस्तकातील माणसे परकी वाटणार नाहीत.

तरीही डोंगरी सायकलस्वारीला स्वतःचा विचार आणि स्वतःची भाषा मिळाली ती फ्रान्समधील सेंत-एतिएन या शहरात. कोळशाच्या खाणी, रेशमी फितींचे विणकाम आणि बंदुकांचे कारखाने यांवर जगणाऱ्या या शहरात लोखंडाचे बारीक काम करणारे कारागीर मुबलक होते आणि सायकलीचे सुटे भाग बनवायला तेच हात उपयोगी पडले. शिवाय शहराबाहेर पडताच चढ सुरू होतो. दक्षिणेकडील ‘कोल द ला रेप्युब्लिक’ ही खिंड (‘कोल’ म्हणजे दोन उंचवट्यांमधून पलीकडे जाणारी डोंगरवाट) समुद्रसपाटीपासून ११६१ मीटरवर आहे, त्यामुळे इथल्या हौशी स्वाराला डोंगर निवडण्याची मुभाच नव्हती.

पॉल द विवी हा इथला रेशमाचा व्यापारी. १८५३ मध्ये प्रोव्हान्स प्रांतातील पेर्न येथे जन्मलेल्या या गृहस्थाला तिशीच्या उंबरठ्यावर सायकलीचे वेड लागले, १८८७ मध्ये त्याने ‘ल सिक्लिस्त फोरेझियाँ’ हे मासिक सुरू केले, जे पुढे नुसते ‘ल सिक्लिस्त’ झाले, आणि रेशीम सोडून सायकलींचा व्यवसाय पत्करला. मासिकात तो ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिही व त्याच नावाने तो इतिहासात राहिला. त्याच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी एक हकिकत अशी की, खिंड चढताना घामाघूम झालेल्या वेलोसिओला त्याच्याच मासिकाचा एक वाचक तोंडातला पाइप न काढता मागे टाकून गेला, आणि त्या दिवसापासून त्याने चढासाठी वेगळ्या गतीची आवश्यकता मनावर घेतली. हकिकतीत पाइपाचा धूर नंतरच्या कथेकऱ्यांनी वाढवला असण्याचा संभव आहे. पण ती टिकली याचे कारण स्पष्ट आहे, कारण तिच्यात संपादकाची फजिती आहे आणि फजिती करणारा वर्गणीदार आहे.

वेलोसिओने मांडलेला हिशेब समजून घेणे इथे आवश्यक आहे. पायडलजवळच्या दातेरी चक्राला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ दाते असतील तर पायांच्या एका फेरीत चाक तीनदा फिरते, आणि चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास सायकल ६.३ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. परंतु शंभर मीटरला आठ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर तोच स्वार प्रत्येक फेरीत आपले व सायकलीचे वजन अर्ध्या मीटरहून अधिक वर उचलतो, आणि काही मिनिटांत त्याचे पाय जड होतात. दोन्ही चक्रांना २८ दाते असतील तर एका फेरीत सायकल २.१ मीटरच सरकते, वेग चालण्याहून थोडाच अधिक राहतो, पण श्वास टिकतो. यंत्र माणसाला शक्ती देत नाही, त्याच्या शक्तीचे हप्ते पाडून देते. हे हप्ते पाडण्याचे त्या काळचे उपाय आज पाहिले की हसू येते. साखळी हाताने उचलून दुसऱ्या चक्रावर टाकणे हा त्यांतला साधा उपाय. दोन्ही बाजूंना दोन साखळ्या लावणे हा दुसरा. आणि ‘रेत्रो-दिरेक्त’ हा तिसरा, ज्यात स्वाराने पाय उलटे फिरवले की सायकल सोप्या गतीत पुढेच जाई. सेंत-एतिएनच्या शस्त्रनिर्मिती कारखान्याने ‘इरोंदेल’ या नावाखाली अशा सायकली विकल्या. पाय मागे फिरवत डोंगर चढणारा दाढीवाला गृहस्थ पाहून रस्त्यातील माणसे काय म्हणत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

हसणाऱ्यांमध्ये सर्वांत वजनदार होता तो आँरी देग्रांज. ‘लोतो’ या क्रीडापत्राचा संपादक आणि १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘तूर द फ्राँस’ या शर्यतीचा जनक असलेला हा माणूस स्वतः विक्रमवीर होता. १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून तासाचा विक्रम नोंदवला होता, अर्थात सपाट धावपट्टीवर. तूरिंग क्लब द फ्राँस या प्रवासी संस्थेने पिरेनीज पर्वतात सायकलींची परीक्षा घेतली आणि मार्त हेस ही स्त्री गिअरच्या सायकलीवर सरस ठरल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा देग्रांजने प्रयोगाचे कौतुक करून वर असा टोला हाणला की, गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचे साधन आहे, मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. हे वाक्य पुढची तीसेक वर्षे फ्रान्सच्या सायकल जगतात फिरत राहिले. त्यात कोणताही यांत्रिक मुद्दा नव्हता. साखळी निसटते, धुळीने अडकते, घर्षण वाढते हे आक्षेप खरे होते आणि त्यांना उत्तरे शोधता येत होती. ‘हे म्हाताऱ्यांचे आणि बायकांचे यंत्र आहे’ या चेष्टेला उत्तर शोधता येत नव्हते, कारण उत्तर देणारा आपोआप म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसे.

परिणाम असा झाला की, जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला, म्हणजे डिरेलरला, १९३७ पर्यंत मज्जाव राहिला. तोवर शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळी चक्रे बसवीत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे लावीत. १९१० मध्ये ही शर्यत प्रथम पिरेनीजच्या उंच खिंडींमधून नेण्यात आली. मार्ग पाहायला गेलेला आल्फाँस स्तेनेस हा सहकारी २११५ मीटर उंचीच्या तुरमाले खिंडीत बर्फात अडकून रात्री जेमतेम वाचला आणि त्याने खाली येऊन देग्रांजला तार केली ती रस्ता उत्तम असून सहज जाण्याजोगा असल्याची. हौशी मित्रमंडळात ‘चढ काही विशेष नाही’ असे सांगून इतरांना घराबाहेर काढणारा जो एक असतोच, त्याचे हे आद्य रूप मानायला हरकत नाही. शर्यतीत ऑक्ताव लापीझ या अंतिम विजेत्याने संयोजकांना खुनी म्हणून हिणवले. ते ऐकायला देग्रांज तिथे नव्हता. १८६५ मध्ये जन्मलेल्या देग्रांजला त्याच वर्षी पंचेचाळीस पूर्ण झाली होती, म्हणजे ज्या वयात गिअर वापरण्याची त्याने इतरांना सवलत दिली होती त्या वयात तो स्वतः पोहोचला असताना दुसऱ्यांना तो गिअरविना तुरमालेवर पाठवत होता. त्याच्या विरोधकांनी ही संधी साधली असती तर बरे झाले असते.

वेलोसिओच्या गोटाने मात्र वेगळ्या रीतीने उत्तर दिले. ‘ल सिक्लिस्त’मध्ये निरनिराळ्या भागांतील स्वार, पुष्कळदा टोपणनावांनी, आपल्या सफरींचे वृत्तान्त, दात्यांचे हिशेब आणि एकमेकांच्या यंत्रांवरील टीका पाठवत. या मंडळींना ‘सेंत-एतिएनची शाळा’ असे म्हटले जाऊ लागले. सांप्रदायिक म्हणावे इतके तिचे काही आग्रह होते: वेलोसिओ शाकाहारी होता, एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचा पुरस्कर्ता होता आणि ईस्टरच्या सुट्टीत शिष्यांसह प्रोव्हान्सकडे लांबलांबच्या सफरी काढी. हौशी स्वारासाठी त्याने घालून दिलेले सात नियम आजही फ्रेंच मंडळांत तोंडपाठ असतात. थांबे थोडे आणि लहान असावेत, भुकेआधी खावे व तहानेआधी प्यावे, भूक आणि झोप उडेल इतके थकू नये, थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे व उकडण्याआधी काढावे, सफरीत दारू, मांस व तंबाखू टाळावी, पहिल्या तासांत जोर करू नये, असे सहा नियम शरीराचे आहेत. सातवा मात्र मनाचा आहे आणि तो सांगतो की, मानापमानासाठी, म्हणजे दुसऱ्याला दाखवण्यासाठी, कधीही पायडल मारू नये. पहिले सहा नियम स्वार स्वतः पाळू शकतो. सातवा मोडला जात असताना मोडणाऱ्याला कळत नाही, तो मित्रांनाच दिसतो, आणि तो लक्षात आणून देण्याचे चेष्टेहून सोयीचे साधन कोणत्याही मंडळाला सापडलेले नाही. चढावर उगाच पुढे निघून गेलेल्याची जेवणाच्या टेबलावर सर्वांनी मिळून फिरकी घ्यायची, हा या परंपरेतील दंड होय.

१९१३ पासून पॅरिसजवळील शाँतलूच्या टेकडीवर अनेक गतींच्या सायकलींची उपयुक्तता दाखवण्यासाठी शर्यत भरू लागली, १९२२ पासून कोल द ला रेप्युब्लिकवर दरवर्षी वेलोसिओच्या सन्मानार्थ सामुदायिक चढाई होऊ लागली आणि १९२३ मध्ये हौशी प्रवासी मंडळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९३० मध्ये सेंत-एतिएनमध्येच ट्रामच्या धडकेने वेलोसिओचा अंत झाला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. त्याला जे पाहायला मिळाले नाही ते सहा वर्षांनी घडले: १९३६ मध्ये पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि तोवर कारकून, शिक्षक व छोट्या व्यापाऱ्यांपुरता राहिलेला हा छंद जोडप्यांच्या टँडेम सायकलींवरून, म्हणजे दोन बैठकींच्या सायकलींवरून, डोंगरात पोहोचला.

महायुद्धानंतर मोटारींच्या भरभराटीत हा छंद मागे पडला आणि १९७० नंतर पुन्हा वर आला, तो विनोदाचा वेश अधिक उघडपणे घेऊन. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लब दे साँ कोल’ म्हणजे शंभर खिंडींच्या मंडळात प्रवेशाची अट एवढीच की, निदान शंभर निरनिराळ्या खिंडी सायकलीने गाठलेल्या असाव्यात आणि त्यांतील पाच २००० मीटरहून उंच असाव्यात. वेळ मोजली जात नाही, शब्दावर विश्वास ठेवला जातो. खिंडीला नकाशावर नाव असले पाहिजे, यामुळे सभासदांमध्ये भूगोलाचे न संपणारे वाद होतात, आणि उंची अगदी किरकोळ पण नाव मात्र भारदस्त असलेल्या खिंडी यादीत भरून शंभरी गाठणाऱ्याची टिंगलही ठरलेली असते. वाट खडकाळ असेल तर सायकल खांद्यावर टाकून चालण्यालाही कोणी हरकत घेत नाही. देग्रांजच्या जगात जी नामुष्की होती ती इथे यादीतली एक रीतसर नोंद झाली.

याहून पुढचे पाऊल १९८८ मध्ये माँ व्हाँतू या १९०० मीटरहून अधिक उंचीच्या एकट्या पर्वतावर पडले. बेदवँ, मालोसेन आणि सो या तीन गावांहून वर जाणारे तिन्ही रस्ते एकाच दिवसात चढणाऱ्याला जिथे सदस्यत्व मिळते, त्या मंडळाने स्वतःचे नाव ‘वेडे’ असे ठेवले. तीन चढाया मिळून अंतर सुमारे १३७ किलोमीटर आणि चढ सुमारे ४४०० मीटर भरतो. चौथी चढाई जंगलरस्त्याने करणाऱ्याला गलबतावर वल्हे मारणाऱ्या कैद्याची पदवी मिळते. लोक हिणवण्याआधी स्वतःलाच हिणवून घेण्याची ही रीत या परंपरेतील सर्वांत परिपक्व रीत म्हटली पाहिजे, कारण देग्रांजची चेष्टा वरून खाली जाणारी होती आणि ही आपल्यापाशीच येऊन थांबणारी आहे. याच पर्वतावर १९६७ च्या तूरमध्ये टॉम सिम्प्सन हा इंग्रज शर्यतपटू उष्णता, अतिश्रम आणि उत्तेजक द्रव्य यांमुळे माथ्याजवळ कोसळून मरण पावला आणि त्याच्या स्मारकापाशी आजही येणारे-जाणारे स्वार पाण्याच्या बाटल्या व टोप्या ठेवून जातात, हे ध्यानात घेतले तर ‘वेडे’ या नावातील सावधगिरीही दिसते.

या फ्रेंच परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, तो ‘ब्रेव्हे’च्या रूपाने. ब्रेव्हे म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या कमाल वेळेत, मधल्या चौक्यांवर नोंद करत, बाहेरच्या मदतीविना पुरे केल्याचे प्रमाणपत्र. या कल्पनेचे मूळ १८९७ मधील इटलीच्या ‘ऑडॅक्स’ स्वारांपाशी आहे, आणि गंमत अशी की, १९०४ मध्ये ती फ्रान्समध्ये आणणारा खुद्द देग्रांजच होता. मात्र त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी कप्तानामागे एकाच वेगाने जायचे असे. १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाने त्याच्या पत्राशी फारकत घेऊन प्रत्येकाने आपापल्या वेगाने जाण्याचे ब्रेव्हे सुरू केले आणि तीच पद्धत जगभर पसरली. भारतात तिच्या नियमांनुसार होणाऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या सफरींना अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांची मुदत असते, आणि एकाच हंगामात चारही पुऱ्या करणारा ‘एसआर’ म्हणजे सुपर रँदोनर होतो. मुंबई, पुणे, नाशिक इथल्या स्वारांच्या तोंडी ही अक्षरे पदवीसारखी बसली आहेत, आणि पदवी म्हटली की तिची टवाळीही ओघाने आलीच.

घाट मात्र इथे आधीपासूनच होता. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोर घाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ओळख रूढ झाल्यानंतर मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली ते खंडाळा हा सुमारे पाचशे मीटरांचा चढ निर्णायक ठरू लागला. ‘घाटांचा राजा’ हा किताब त्याच टप्प्यासाठी. रोज कचेरीला जाणाऱ्या पुणेकराची सायकल एकाच गतीची आणि वजनदार असल्यामुळे चढावर उतरून चालणे ही इथे सामान्य व्यवहाराची बाब होती, तिला शरमेचा वास नव्हता. तो लागला गिअरच्या हलक्या सायकली आल्यानंतर. पसरणी किंवा कसारा घाटाच्या सफरीआधी आज जो टोमणा हमखास ऐकू येतो, तो ‘एवढे गिअर घेऊनही ढकलतोस?’ असा असतो, आणि सेंत-एतिएनमध्ये ज्याची चेष्टा गिअर वापरल्याबद्दल होत होती त्याची इथे गिअर असून न चढल्याबद्दल होते.

अलीकडे बॅटरीच्या सायकलीने हा वाद पुन्हा उघडला आहे. पायडलला मोटरची जोड देणारी ही सायकल गुडघे थकलेल्यांना, हृदयाचे आजार असलेल्यांना आणि वेगवेगळ्या ताकदीच्या जोडप्यांना एकत्र खिंडीवर नेते, आणि तिच्याविरुद्ध बोलले जाणारे शब्द हे म्हाताऱ्यांचे यंत्र, ही फसवणूक, स्नायूंचा अपमान असेच आहेत. १९०२ च्या सुमारास साखळीच्या एका जादा चक्राविषयी जे बोलले गेले ते इतक्या जशाच्या तशा शब्दांत परत आले आहे की, बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण तीस-तीस गती असलेल्या सायकलींवर बसून ते बोलत आहेत हे त्यांच्या मित्रांनी त्यांना, रिवाजाप्रमाणे जेवणाच्या टेबलावर, सुनावायला सुरुवातही केली आहे.